दोर ओढणारी दोघं

८ जानेवारी

बंदराचं काम मला मिळालं. सकाळी बंदराच्या अधिकारी बाईंचा फोन आला. मी "बरं, बरं" म्हणत फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "मग असं पडलेलं तोंड का?" पडलेलं नव्हतं. इतकं मोठं काम बऱ्याच वर्षांत हाती आलं नव्हतं, एवढंच.

काम असं आहे. फार वर्षांपूर्वी वादळात एक फेरीबोट धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर उलटली. किनाऱ्यावर राहणाऱ्या एका भावाबहिणीने दोर टाकून माणसं एकेक करून ओढून काढली. दोघंही आता नाहीत. त्यांचं शिल्प धक्क्यावर उभं करायचं, माणसाच्या दुप्पट उंचीचं, ब्राँझमध्ये. मी ते आधी मातीत पूर्ण आकाराचं करायचं, मग साचा निघेल, मग ओतकाम.

मोठं काम आलं की मी दैनंदिनी सुरू करतो आणि काम संपलं की बंद करतो. हिच्या मते मी यात नुसत्या तक्रारी लिहितो. असेल. त्यांनाही कुठेतरी जागा हवी.

१२ जानेवारी

कोळशाने कागदामागून कागद काळे केले. कागदावर ओढणारी माणसं काढली की रस्सीखेचीचा सामना दिसतो. एकामागे एक, दात आवळून, जणू कडेला कोणी शिट्टी घेऊन उभा आहे. दुपारी कागद सारले बाजूला आणि माती घेतली. मुठीएवढे कच्चे नमुने केले. त्यांना नाकडोळे नसतात. फक्त वजन कुठे पडतंय तेवढं बघायचं. आज एकाचंही पडलं नाही. सगळे मोडून परत गोळा केले.

कोपर लागून चहाचा कप सांडला. ही हल्ली कप कुठेही आणून ठेवते. तसं म्हटलं तर म्हणाली, रोजच्याच जागी होता.

१५ जानेवारी

सापडलं. बहिणीला उलटी फिरवली.

भाऊ समुद्राकडे तोंड करून मागे रेललाय, टाचा रोवून. बहीण त्याच्या पाठीमागे, पण तिचं तोंड गावाकडे. दोर खांद्यावरून घेऊन ती पुढे वाकून चालते आहे. पाठीला पाठ, आणि तरी दोघं एकच वजन ओढताहेत. मातीच्या दोन गोळ्यांमध्ये हे आलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. असं झालं की समजायचं, जमलं.

कप्तानला दाखवलं. कप्तान म्हणजे माझा साचेवाला. बोटीवर कधी पाय ठेवलेला नाही, पण टोपी तसली घालतो. मोठ्या कामाचा लोखंडी सांगाडा तो उभा करतो, माती मी चढवतो, साचा पुन्हा तो काढतो. आमची सगळी हयात यातच गेली. त्याने नमुना हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाला, "यांना एकमेकांकडे बघायची गरजच नाही." कप्तान एवढं बोलला म्हणजे खूप झालं.

४ फेब्रुवारी

पक्का नमुना झाला. जमिनीवर ठेवला तर गुडघ्याच्या थोडा वर येईल एवढा. मोठं काम याच्यावरून मापं घेऊन करायचं, सहापट. भावाच्या मुठीतून बहिणीच्या खांद्यावर सुतळी ताणून बांधली. कुठे जराही सैल नाही. मी आजवर केलेलं हे सगळ्यांत चांगलं काम आहे. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

अधिकारी बाई येऊन बघून गेल्या. बराच वेळ टेबलाभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "हे असंच मोठं करा. दुसरं काही नको." हे असंच मोठं करा. म्हणायला काय जातं.

१० फेब्रुवारी

फूटपाथच्या कडेवरून पाय घसरला. गुडघा सोलवटला. नगरपालिकेने कुठलाही दगड कुठेही बसवावा. आणि लोकही हल्ली कुठून येतात कळत नाही. रस्ता मोकळा असतो आणि एकदम कोणीतरी अंगाशी उभं.

ही म्हणाली, डोळे दाखवून या. मी म्हटलं, डोळ्यांना काय झालंय? ही म्हणाली, मला माहीत नाही, म्हणून तर दाखवा. रोजची कटकट नको म्हणून चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. नंबरसुद्धा बदलला नाही. घरी येऊन हिला सांगितलं, "पोपटासारखी वाचली." हिने गुडघ्याला औषध लावलं.

३ मार्च

सांगाडा उभा राहिला. शेड एकदम लहान वाटायला लागली. बहीण मागच्या भिंतीशी, भाऊ दाराजवळ, मधे मातीची परात.

कप्तानशी पहिला खटका. त्याचं म्हणणं, नमुन्यावर जागोजागी खिळे मारू, प्रत्येक खिळ्याचं माप सहापट करून सांगाड्यावर खूण करू, मग माती चढव. मी म्हटलं, मुख्य मापं घे. डोकं, खांदे, कंबर, गुडघे, टाचा. बाकीचं मी डोळ्याने करीन. सगळंच मोजून केलं तर मग मी कशाला हवा? मी शिंपी नाही. कप्तान म्हणाला, "शिंप्याचे कपडे निदान बसतात तरी." हसलो दोघंही. पण ऐकलं माझंच.

२२ मार्च

बहिणीची मान झाली. मानेच्या मागची ती दोन हाडं, ताणलेली शीर, दोराखाली दबलेला खांदा. शिडीवर बसून दिवसभर तिच्याच जवळ होतो. सुंदर झाली आहे.

शेडमध्ये उजेड कमी पडतो. आणखी दिवे लावून घेतले. तरी संध्याकाळ झाली की कोपरे जातात. या हल्लीच्या दिव्यांना ताकदच नाही.

२ एप्रिल

ही शेडमध्ये येऊन आवराआवर करते. बादल्या भिंतीला लावते, स्टूल आत सारते, वायर उचलून खुंटीला टांगते. आयुष्यभर हिने शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. निवृत्त झाल्यापासून हिला घर पुरत नाही. टेलिफोन खात्यात होती तेव्हा निदान दिवसा मला शांतता असायची.

९ एप्रिल

काहीतरी बिनसलंय. भाऊ चांगला आहे. जवळ जाऊन पाहिलं, दंड, पोट, मांड्या, सगळं ठीक. बहीण तर उत्तमच. पण सकाळी दार उघडलं की बरं वाटत नाही. नमुना पाहिला की पोटात खड्डा पडतो. मोठं काम पाहिलं की काहीच होत नाही.

मोठं करताना काहीतरी हरवतंच. सगळ्यांचंच हरवतं. पण इतकं?

११ एप्रिल

भावाचा खांदा बदलला. आणखी मागे नेला.

१२ एप्रिल

खांदा परत पुढे.

२० एप्रिल

लेक चार दिवस राहून गेली. तिने मोठं काम पाहिलं आणि म्हणाली, "छान झालंय, बाबा." लहानपणी आईच्या भाजीत मीठ नसलं की ती याच आवाजात छान म्हणायची.

मायलेकी स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. मी आत गेलो आणि लेकीच्या बॅगेवर धडपडलो. बॅग वाटेत कशाला ठेवायची असं जरा जोरात बोललो. लेकीचे डोळे भरून आले. एवढ्याने? पूर्वी अशी नव्हती.

बाहेर जाताना ही आता माझ्या डाव्या बाजूने चालते आणि दंड धरून ठेवते. या वयात प्रेम उतू चाललंय. सोड म्हटलं तर सोडत नाही.

५ मे

कप्तान गेला.

लिहायला नको वाटतंय, पण लिहितो. गेला महिनाभर मी मातीशी झटतोय आणि मला आज पक्कं वाटलं की चूक मातीत नाही, सांगाड्यात आहे. भावाचा सांगाडा मुळात वाकडा उभा केलाय. मी कप्तानला तसं सांगितलं. त्याने ओळंबा सोडला, नमुन्यावरची मापं काढली, सांगाड्यावरची काढली. म्हणाला, जी मुख्य मापं मी दिली ती केसभरही हललेली नाहीत. त्यावर तू जे चढवलं आहेस ते हललंय. मी म्हटलं, म्हणजे मला माझं काम येत नाही? तो म्हणाला, "मी असं म्हटलं नाही. तू जरा लांबून बघ." मी म्हटलं, मी लांबूनच बघतोय, रोज भिंतीला पाठ लावून बघतोय, तू मला बघायला शिकवू नकोस. मग आणखी बोललो. तुझं वय झालं, असं म्हणालो. आम्ही दोघं एकाच वर्षी जन्मलेलो.

त्याने हत्यारं पिशवीत भरली. दारात थांबून म्हणाला, "तुला मी नकोसा झालोय, ते बऱ्याच दिवसांपासून कळतंय मला." याचा अर्थ मला लागला नाही. विचारलंही नाही.

१९ मे

अधिकारी बाई मोठं काम बघायला आल्या. बरोबर समितीतले दोघं. तिघंही मातीभोवती एक फेरी मारून आले. मग बाईंनी विचारलं, नमुना शेजारी ठेवता येईल का? ठेवला. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. म्हणाल्या, "मला यातलं कळत नाही. पण छोट्यात ही दोघं एकत्र होती."

मी समजावलं की माती ओली आहे, दोर अजून यायचा आहे, दोर आला की एकत्र होतील. बाई मान डोलवत राहिल्या.

जाताना हात न मिळवताच गेल्या. मी तेवढं म्हटलं तर ही म्हणाली, "अहो, त्या केव्हाच्या हात पुढे करून उभ्या होत्या. तुम्ही बघितलंसुद्धा नाही." मी बाईंच्या चेहऱ्याकडेच बघत होतो. मला कुठलाही हात दिसला नाही. ही खोटं बोलत नाही. पण मग काय?

२३ मे

बंदरातून फोन. समितीला हा आकार मान्य नाही. थोडी मुदत देताहेत. तेवढ्यात सुधारलं तर बघू, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाईल. बाई मऊ आवाजात बोलत होत्या. मऊपणाचाच जास्त राग आला.

शेडला कुलूप लावून बसलो आहे. मातीला पाणी मारलं नाही. तडकू दे. किल्ली ही मागून घेऊन गेली.

३० मे

हिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. म्हणते, डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी का नाही सांगितलं म्हणून ओरडलो. परवा मी घेऊन जाणार आहे.

१ जून

हिचे डोळे ठणठणीत आहेत. मला फसवून नेलं.

डॉक्टर तरुण आहेत, लेकीच्या वयाच्या. हिचं बघून झाल्यावर म्हणाल्या, आलाच आहात तर तुमचंही बघू. मी म्हटलं, बघा. अक्षरं वाचली. शेवटच्या ओळीपर्यंत. हिच्याकडे विजयाने पाहिलं. मग त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, बराच वेळ आत बघितलं आणि मला एका मशीनपुढे बसवलं. एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि कडेला कुठे दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. सोपं काम. दिवे एक-दोनदा चमकले, मी लगेच दाबलं. मग मशीन बंद पडलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा बंद पडलं. घरघर चालू होती पण दिवे येईनात. मी डॉक्टरांना म्हटलं, तुमचं मशीन दुरुस्त करून घ्या.

डॉक्टर म्हणाल्या, "मशीन चालू होतं, काका. दिवे लागत होते."

त्यांनी छापलेला कागद पुढे ठेवला. सगळा काळा, मधे थोडा पांढरा गोल. दोन्ही डोळ्यांचा तसाच. म्हणाल्या, डोळ्यातला दाब वाढून आतली नस मरत जाते. दुखत नाही, कळत नाही. कडेकडेने जातं आणि मधलं शेवटपर्यंत शाबूत राहतं, म्हणून अक्षरं वाचता येतात. काचबिंदू. मी विचारलं, मला काळं कुठे दिसतं? सगळं तर दिसतंय. त्या म्हणाल्या, जे दिसत नाही ते मन भरून काढतं, भिंत असेल तर भिंत, रस्ता असेल तर मोकळा रस्ता.

गेलेलं परत येत नाही. आहे ते टिकवायला थेंब, जन्मभर.

२ जून

मोकळा रस्ता.

३ जून

आज स्वयंपाकघरात बसून मधल्या गोलाने एकेक गोष्ट बघत होतो. डबा. मग खिडकी. मग हिचा हात. डबा बघताना खिडकी कुठे जाते, तेच कळत नाही. जातेय हेसुद्धा कळत नाही.

९ जून

हिच्याशी भांडलो. खरं म्हणजे मी एकटाच भांडलो.

डॉक्टर त्या दिवशी बोलता बोलता म्हणाल्या होत्या, थोडं आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं. ते डोक्यात घुमत होतं. मी हिला विचारलं, तुला कधी कळलं? ही म्हणाली, नक्की असं कधीच नाही. आधी चहा सांडायला लागला. मग जिन्यात पाय चाचपायला लागलात. मग एकदा मी शेजारी बसलेली असताना तुम्ही मला आतल्या खोलीत हाका मारल्या. मी ओरडलो, तरी गप्प राहिलीस? बादल्या हलवत बसलीस?

ही भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "मी सांगितलं होतं. तुम्ही चष्मेवाल्याकडे गेलात आणि जिंकून आलात. त्यानंतर मी जे म्हणेन ते तुम्हाला कटकट वाटत होतं. माझंही चुकलं. ओढत न्यायला हवं होतं. पण तुम्ही ओढल्याने येणारे नाही. मी भीत होते."

"कशाला?"

"काम सोडाल म्हणून. आणि सोडणार नाही म्हणूनही."

मी उठून बाहेर गेलो. दाराची चौकट कपाळाला लागली. आतून सुरीचा आवाज पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला.

१४ जून

बंदरात फोन करून काम सोडतो असं सांगायचं ठरवलं. बाई जागेवर नव्हत्या. उद्या करतो.

१५ जून

फोन केला नाही. का, ते लिहितो.

थेंब आणायला औषधांच्या दुकानात गेलो होतो. दुकान रस्त्यापलीकडे, थोडं चढावर. दुकानदार आत शोधत होता म्हणून मी पायरीवर उभा राहिलो आणि सहज मागे वळून घराकडे पाहिलं. शेडची दोन्ही दारं उघडी होती. ही आत ओली फडकी काढून मातीला पाणी मारत होती. किल्ली घेतल्यापासून ही रोज गुपचूप पाणी मारत होती, हे तेव्हा कळलं. सगळी माती जिवंत होती.

आणि दोघंही मला एकदम दिसली. एवढ्या लांबून मोठं काम टेबलावरच्या नमुन्याएवढंच दिसत होतं. अख्खंच्या अख्खं मधल्या गोलात बसलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

भाऊ ओढत नाहीये. नुसता उभा आहे, जरा मागे झुकून, कोणीतरी हातात दोर धरायला दिला आणि निघून गेलं असा. आणि बहीण कंटाळून घरी निघाली आहे. त्याच्याशी तिचा काही संबंध नाही. दोघांचं भांडण झालंय आणि मधे परात पडली आहे.

शेडच्या भिंतीला पाठ लावून मी रोज "लांबून" बघत होतो, तेव्हा एकदा भाऊ बघत होतो आणि एकदा बहीण. दोघं एकत्र मी कधी पाहिलीच नाहीत. पाहिली असं वाटत होतं.

सगळ्यांना हे दिसत होतं. कप्तानला, लेकीला, त्या बाईंना, हिला. दुकानदाराने थेंब हातात दिले तेव्हा त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. मी पायरीवर बसून रडत होतो.

१६ जून

कप्तानकडे गेलो. ही बरोबर येत होती, म्हटलं नको, गल्लीच्या तोंडाशी थांब.

तो अंगणात चाळणीने प्लास्टर चाळत होता. मला बघून चाळतच राहिला. मी आधी डोळ्यांचं सांगितलं. मग सांगाड्याचं सांगितलं, की तो बरोबर होता. मग वयाबद्दल बोललो होतो त्याची माफी मागितली. चाळणी थांबली.

तो म्हणाला, गेल्या वर्षी बाजारात मी तुला हात केला होता. अगदी शेजारून. तू बघून न बघितल्यासारखं करून पुढे गेलास. पुन्हा एकदा पुलावर. मी बायकोला म्हटलं, मोठा माणूस झाला. तेव्हापासून मनात धरून होतो.

मी त्याला आयुष्यात कधी टाळलं नाही. पण तो गेलं वर्षभर माझ्याबरोबर काम करत होता ते टाळलेला माणूस म्हणून.

त्याने माझ्यापुढे हात धरला आणि हळूहळू कडेला नेत म्हणाला, "सांग कधी जातो ते." मी सांगितलं. त्याने हात तिथेच थांबवून बघितला, आणि त्याचा चेहरा पडला. एवढ्या लवकर जाईल असं त्याला वाटलं नव्हतं.

"उद्या येतो," म्हणाला. "सगळे खिळे मारणार. प्रत्येक माप घेणार. तू एक शब्द बोलायचा नाहीस."

२० जून

भावाला कमरेपासून कापला. माती उतरवली, खाली कप्तानचा सांगाडा जसाच्या तसा निघाला. तीन महिन्यांचं काम खाली ढिगात. बघवलं नाही. पण वाईट वाटलं तेवढंच, राग नव्हता.

बाईंना फोन करून सगळं खरं सांगितलं. डोळ्यांचंही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, समितीला मी सांभाळते, तुम्ही काम करा. पण पुन्हा तसंच झालं तर माझ्या हातात काही नाही.

६ जुलै

कामाची नवी पद्धत अशी. कप्तान नमुन्यावरच्या खिळ्यांवरून मापं देतो. मी हातभर अंतरावरून माती चढवतो, एका वेळी एक तुकडा. तेवढा गोलात मावतो. मग रस्ता ओलांडून दुकानाच्या पायरीवर जातो. दुकानदाराने खुर्ची दिली आहे. ही शेडमध्ये मातीशी उभी राहते आणि दोघांच्या कानाला फोन.

हिचा फोनवरचा आवाज मी विसरलो होतो. टेलिफोन खात्यातला. "बोला." मी म्हणतो, भावाचा डावा दंड अजून मागे जायला हवा. ही कप्तानला सांगते, कप्तान खूण करतो. मी परत जाऊन माती लावतो. दिवसभर हीच ये-जा. रस्ता ओलांडताना ही दारात येऊन उभी राहते आणि फोनवरच सांगते, थांबा, आता या.

आज मी काही विचारलं नसताना म्हणाली, "एक सांगू? बहिणीची मागची टाच उचललेली आहे, पण पुढच्या पायावर भार आलेला नाही. ती पाऊल टाकते आहे, ओढत नाहीये." मी म्हटलं, ते माझ्यावर सोड. जरा तोडूनच बोललो. मग खुर्चीवर बसून पुन्हा पाहिलं. हिचं बरोबर होतं.

इतक्या वर्षांत मी हिला कधी विचारलं नव्हतं, काय दिसतंय म्हणून. ही शेडमध्ये येत नाही, हिला यात रस नाही, असं मी लोकांना सांगायचो.

१८ जुलै

शिडीवर पाय चुकला. कप्तान खाली होता, त्याने धरलं. दोघंही मातीत पडलो. त्याचा खांदा दुखावला. ओरडला नाही, हेच जास्त लागलं. आता त्याने नियम केला आहे. छातीच्या वरचं काम असेल तर मी त्याच्या हाताखाली. तो सांगेल तिथेच पाय.

हे माझं शेवटचं मोठं काम. कोणी बोलत नाही, पण तिघांनाही माहीत आहे.

११ ऑगस्ट

दोर घातला. खऱ्या दोरावर मातीचं पाणी फासून ताणला, भावाच्या मुठीतून बहिणीच्या खांद्यावर. मी पायरीवर जाऊन बसलो. ही फोनवर काही बोलेना. मीही बोलेना. शेवटी कप्तानने फोन हिच्या हातातून घेतला आणि म्हणाला, "फोन कापला गेला काय रे?"

मी म्हटलं, नाही. दिसतंय. पोटात खड्डा पडला म्हणून बोललो नाही.

२ सप्टेंबर

समिती आली. बाई दारातच थबकल्या. मग आत येऊन भावाच्या टाचेपासून बहिणीच्या टाचेपर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. समितीतल्या एकाने काहीतरी विचारायला सुरुवात केली, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं असं ही नंतर म्हणाली. मान्य झालं.

जाताना या वेळी मीच आधी हात पुढे केला आणि त्यांचा येईपर्यंत तसाच ठेवला.

१४ सप्टेंबर

कप्तानने साचा घ्यायला सुरुवात केली. पांढऱ्या प्लास्टरखाली बहिणीची मान गेली. तिच्या मानेची ती हाडं मला पुन्हा एवढ्या जवळून दिसणार नाहीत. हात लावून घेतला.

१० ऑक्टोबर

पुन्हा मशीनवर बसलो. थेंब वेळच्या वेळी घालूनही गोल किंचित लहान झाला आहे. डॉक्टर म्हणाल्या, वेग मंदावलाय, ही चांगली गोष्ट समजा. दुसरे थेंब दिले. घरी येताना ही वाटभर बोलत होती, रस्त्यातली दुकानं, माणसं, कोणाच्या बाल्कनीत काय वाळत घातलंय. एरवी एवढी बोलत नाही. मी ऐकत होतो.

२३ नोव्हेंबर

आज धक्क्यावर अनावरण झालं. भाषणं झाली. मला व्यासपीठावर बसवलं होतं. तिथून फक्त ब्राँझची एक मांडी दिसत होती. शिल्पावरचा पडदा सरला तेव्हा लोकांचा आवाज झाला, त्यावरून कळलं.

नंतर सगळे शिल्पाकडे धावले. लेकीने नातवाला भावाच्या पायाशी उभं करून फोटो काढले. कप्तान टोपी काढून उभा होता. मी कोणाला तरी नमस्कार करत, कोणाचे तरी हात शोधत राहिलो. मग हिने दंड धरला आणि कानात म्हणाली, चला. गर्दीच्या उलट दिशेने. आम्ही धक्क्यावरून मागे मागे जायला लागलो. माझं तोंड शिल्पाकडे, हिचं समोर. हिचा हात माझ्या पाठीवर होता. मधे दोरखंडांचे खुंट होते, ते हिने चुकवले.

"आली का?" हिने विचारलं.

"भाऊ आलाय. बहीण अजून नाही."

आणखी मागे गेलो. वारा होता. लोकांचे आवाज लहान झाले. बहिणीचा खांदा आला, मग मान, मग ती उचललेली टाच. दोर भावाच्या मुठीतून निघून तिच्या खांद्यावर जाताना एका दमात दिसला. पुढच्या वर्षी याहून लांब यावं लागेल, हे मनात आलं. हिच्याही आलं असावं, कारण हिने एकदा वळून मागे बघितलं.

"आली," मी म्हटलं. "दोघंही आली."

"मग इथेच थांबू," ही म्हणाली. "मागे आता पाणीच आहे."